बाराव्या पाटावरचा याकोब

मोटार म्हणजे काय हे ज्या मुलखात अजून कोणी पाहिले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. नगरच्या पूर्वेला घोडमाळ नावाचे गाव होते. गाव कसले, माळच तो! पावसाळ्यात चार महिने जरा हिरवा दिसायचा, उरलेले आठ महिने नुसता दगड आणि ऊन. गावाबाहेर पंचवीस उंबऱ्यांची ख्रिस्ती वस्ती होती आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याचे एक लहानसे देऊळ. या देवळाच्या पडवीत इनासबाबा राहत.

बाबा मूळचे वसईकडचे, केळीच्या बागांतले. ज्यांच्या दारात बारमाही पाणी, त्या घरात जन्मलेले बाबा धर्मगुरू झाले आणि कोणी न सांगता या कोरड्या माळावर येऊन राहिले. त्यांना फादर कोणी म्हणत नसे. वस्तीतले बाबा म्हणत, गावातले हिंदू-मुसलमानही बाबाच म्हणत. अंगात ठिगळ लावलेला पांढरा झगा, पायात जाड कातडी वहाणा आणि ओठांवर सदैव मिस्कील हसू. रागावले तरी ते हसू पुरते जात नसे, त्यामुळे बाबा खरोखर रागावले आहेत की काय हे लोकांना शेवटपर्यंत कळत नसे!

या बाबांच्या सेवेत याकोब ओहोळ नावाचा एक साधाभोळा माणूस होता. देवळाला लागणारे पाणी भरायचे, घंटा वाजवायची, झाडलोट करायची, हे त्याचे काम. तांब्याची एक मोठी घागर खांद्यावर घेऊन तो पहाटेपासून फिरताना दिसायचा. वस्तीत त्याला याकोब म्हणणारे थोडेच. बाकीचे त्याला ‘पळपुटा’ म्हणत. आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

झाले होते असे. सात वर्षांपूर्वी गावात प्लेग आला. उंदीर पडू लागले तशी माणसे घरे सोडून लांब रानात झोपड्या टाकून राहिली. ज्यांना गाठी आल्या, त्यांना माळावरच्या एका छपरात आणून टाकले. बाबा त्या छपरात राहायला गेले. तेव्हा याच याकोबाने भर देवळात, वेदीच्या कठड्यावर हात ठेवून सांगितले होते, “समदे गेले तरी म्या बाबांना सोडणार न्हाई. बाबा औषध देतील, म्या पाणी भरीन.” तीन दिवस त्याने पाणी भरलेही. चौथ्या दिवशी सकाळी तो घागर घेऊन नदीवर गेला. आदल्या दिवशी त्याच्या मांडीवर एक माणूस पाणी पाणी करत गेला होता. घागर बुडवता बुडवता त्याला तो आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. त्याने घागर वाळूवर ठेवली, नदी ओलांडली आणि मागे न बघता जो चालत सुटला तो थेट बहिणीच्या गावी!

पंधरा दिवसांनी लाजेने अर्धमेला होऊन तो परत आला. नदीच्या वाटेवर समोरून बाबा येताना दिसले. खांद्यावर तीच घागर. झग्याखाली खांदा सुजून वर आलेला. याकोबाला वाटले, आता धरणी पोटात घेईल तर बरे. बाबा जवळ आले, थांबले आणि म्हणाले, “आलास? बरं झालं. खांदा फार दुखतोय रे माझा. घे ही.” आणि घागर त्याच्या खांद्यावर ठेवून पुढे चालू लागले. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुढे आपणहून कधी केला नाही.

पण याकोब काही ते विसरेना! आपल्याकडे शनिवारी पापनिवेदन असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. धर्मगुरू जाळीपलीकडे बसतात, आपण गुडघे टेकून आठवड्याची पापे सांगायची आणि क्षमा घेऊन मोकळे व्हायचे. याकोब दर शनिवारी जाई आणि दर शनिवारी तेच एक पाप सांगे. सात वर्षे! हे गुपित बाहेर कसे आले म्हणाल, तर बाबांच्या तोंडून नव्हे हो. याकोब स्वतःच बाहेर येऊन रांगेतल्या लोकांना सांगे, “आज पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, याकोबा, हे तू पहिल्याच शनिवारी दिलंस. देव केव्हाच विसरला, तू कशाला दर आठवड्याला त्याला आठवण देतोस?” लोक पोट धरून हसत. याकोब मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा हजर!

या वस्तीत मिशनची एक शाळा होती. वस्तीपासून जरा बाजूला, नदीच्या वाटेवर. तिथे बर्नाबस मास्तर शिकवत. शाळेच्याच मागच्या खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी सालोमीबाई राहत. मास्तर विद्वान होते, यात शंका नाही. शास्त्रातले वचन कोणते कुठे आहे, हे डोळे मिटून सांगत. धोतराला कधी सुरकुती नाही, बोलण्यात कधी चूक नाही. प्लेगच्या वेळी ते इथे नव्हते, दूर मिशनच्या गावी शिकत होते. त्यामुळे त्यांची परीक्षा कधी झालीच नव्हती. आणि ज्याची परीक्षा झालेली नसते, त्याला आपण पास आहोत याची केवढी खात्री असते! “मी असतो तर जिवाची पर्वा केली नसती,” असे ते वर्गातल्या मुलांना सांगत आणि खिडकीतून घागर घेऊन जाणारा याकोब दाखवत. “हा पाहा. श्रद्धा नसली की माणूस कसा होतो, त्याचा हा नमुना.”

त्या वर्षी दुष्काळ होता. विहिरी आटल्या. दीड कोसावर नदीच्या वाळूत झिरा खणायचा, त्यात वाटी-वाटी पाणी झिरपायचे, ते भरून आणायचे. एक घागर भरायला अर्धा दिवस लागे.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्साची उपासना संपल्यावर बाबांनी बारा नावे वाचली. पवित्र गुरुवारी प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी देवळात बारा पाट मांडतात, त्यावर बारा जण बसतात आणि धर्मगुरू गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. बारा जणांत नाव यावे म्हणून माणसे वर्षभर आस लावून असतात. बाबांनी पहिले नाव वाचले बर्नाबस मास्तरांचे. मास्तरांनी मान किंचित झुकवली. मग एकेक करत बारावे नाव आले, “याकोब ओहोळ.”

देवळात कुजबुज सुरू झाली. मास्तर उठून उभे राहिले.

“बाबा, क्षमा असावी. प्रभूच्या शिष्यांच्या जागी बसायचे, आणि त्यात हा? संकटात आपल्याला टाकून पळालेला?”

“मास्तर,” बाबा म्हणाले, “प्रभूला धरून नेलं तेव्हा त्या बारा जणांतले किती जण जागेवर राहिले होते?”

मास्तर म्हणाले, “ते... ते नंतर परत आले.”

“हाही आला,” बाबा म्हणाले.

लोक हसले. मास्तरांना ते लागले. ते म्हणाले, “ठीक आहे. मग पाय धुवायचे पाणीही त्यालाच आणायला सांगा. फक्त लक्ष ठेवा. नाहीतर घागर नदीवर आणि याकोब बहिणीकडे!” या वेळी लोक जास्त मोठ्याने हसले. याकोब खांबाआड उभा होता. त्याला कुठे तोंड लपवावे कळेना.

लोक गेल्यावर तो बाबांकडे आला. “बाबा, माझं नाव काढा.”

“एकदा वाचलेलं नाव मी मागे घेत नाही,” बाबा म्हणाले. “गुरुवारी पाणी आण आणि बाराव्या पाटावर येऊन बस.”

घरी येऊन याकोब बायकोला म्हणाला, “सगुणे, एवढी एक घागर म्या येळेवर पोचवली तर त्या पाटावर बसीन. आन् न्हाई पोचवली, तर पुन्हा देवळाची पायरी चढणार न्हाई. बहिणीच्या गावी जाऊन राहू कायमचं. लोकांचं तोंड बघायची ताकद न्हाई आता.” नवरा बोलतो ते करतो, निदान लाजेपायी तरी करतो, हे सगुणेला माहीत होते. तिने दुसऱ्या दिवशी चिंचेने घासून घागर लख्ख केली.

गुरुवार उजाडला. याकोब तांबडे फुटताच झिऱ्यावर जाऊन बसला. वाटी, वाटी, वाटी. ऊन चढले, डोके तापले, पण त्याने स्वतः त्यातला घोटभरही घेतला नाही. दुपार टळली तेव्हा घागर काठोकाठ भरली. त्याने ती खांद्यावर घेतली आणि थेंब न सांडता सावकाश चालू लागला. मनात म्हणाला, “देवा, आज तरी!”

शाळेजवळ आला तो काय, मास्तर बाहेर कडुनिंबाखाली उभे! धोतर विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. आतून क्षीण आवाज येत होता, “पाणी... अहो, पाणी द्या...”

“मास्तर, काय झालं?”

मास्तर कसेबसे म्हणाले, “पटकी आहे. सकाळपासून उलट्या आणि जुलाब. घरातलं पाणी संपलं. मी... मी आत जायला निघतो याकोबा, उंबऱ्यापर्यंत जातो, आणि पाय उचलतच नाहीत रे! माझी बायको आहे ती. बारा वर्षांचा संसार आहे. आणि मी दुपारपासून इथे उभा आहे!” आणि तो ताठ मानेचा माणूस झाडाला टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

याकोब जागच्या जागी खिळला. तोच आवाज! सात वर्षे ज्याने त्याची झोप खाल्ली, तो ‘पाणी’ म्हणणारा आवाज! खांद्यावरच्या घागरीतले पाणी डचमळले. देवळात बाकीचे दहा जण पाटावर येऊन बसले असतील. बाबा वाट बघत असतील. हे पाणी इथे दिले तर दुसरी घागर आज भरत नाही. पाट गेला, देऊळ गेले, गाव गेले. आणि मनातला भित्रा याकोब म्हणत होता, अरे, देवाचं पाणी आहे ते, चल लवकर, तुला तर किती चांगलं निमित्त मिळालंय!

याकोबाने डोळे मिटले. त्याला बाबांचा सुजलेला खांदा दिसला. तो पुटपुटला, “न्हाई बाबा, आज घागर खाली ठिवत न्हाई.” आणि तो उंबरा ओलांडून आत गेला.

प्लेगच्या वेळी बाबांनी शिकवलेले सगळे हातांना आठवत होते. चूल पेटवून त्याने पाणी उकळले, निवायला ठेवले, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकून चमच्या-चमच्याने सालोमीबाईंच्या तोंडात घातले. ओकून पडले तरी पुन्हा घातले. उरलेल्या पाण्याने अंथरूण पुसले, बाईंचे हातपाय पुसले, राखेने आपले हात घासून धुतले. घागर रिती झाली. दिवस कलू लागला तेव्हा बाईंच्या हाताला ऊब आली आणि डोळे नीट उघडले.

तो दारात आला. “मास्तर, आत या. पहिलं पाऊल लई जड असतं. दुसरं नसतं.”

मास्तर त्याच्या हाताला धरून आत आले आणि पत्नीच्या उशाशी बसले. मग मान वर न करता म्हणाले, “याकोबा, एवढी कृपा कर. मी बाहेर उभा होतो हे कोणाला सांगू नकोस. आजाराचंही आज बोलू नकोस, लोक हजार प्रश्न विचारतील.”

“सांगायचं काय त्यात?” याकोब म्हणाला. “मास्तरीणबाई आजारी हाएत आन् मास्तर उशाशी बसलेत. एवढंच तर बघितलं म्या.”

रिकामी घागर खांद्यावर घेऊन तो निघाला. जाऊन बाबांना तोंड दाखवायचे आणि तसेच गाव सोडायचे, असे त्याने ठरवले. पळून मात्र जायचे नाही. या वेळी सांगून जायचे.

देवळात लोक कंटाळले होते. पहिला पाट रिकामा, बारावा रिकामा, पाण्याचा पत्ता नाही. याकोब दारात दिसताच एकाने पुढे होऊन घागरीत डोकावले आणि ओरडला, “कोरडी! आज पळपुट्यानं पाणीसुद्धा पळवलं!”

“कुठे गेलं पाणी?” “सांडलंस?” “विकलंस का काय?” चहूकडून प्रश्न आले.

“सांडलं न्हाई,” याकोब म्हणाला. “लागलं.”

“कुठे लागलं?”

याकोब एक शब्द बोलला असता तर सगळा दोष धुऊन निघाला असता. पण दिलेला शब्द त्याने पूर्वी एकदा मोडला होता आणि त्याची चव त्याला माहीत होती. तो फक्त बाबांजवळ जाऊन हळूच म्हणाला, “बाबा, मिस्सा झाल्यावर औषधाची पेटी घेऊन शाळेकडं जावं लागंल. का ते विचारू नका. आन् मला जाऊ द्या आता. माझ्यानं पाणी न्हाई पोचलं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. भिजलेले धोतर पाहिले, नखांत अडकलेली राख पाहिली. ओठांवरचे ते हसू क्षणभर मावळले आणि डोळे भरून आले. त्यांनी कमरेला पंचा बांधला, परात पुढे ओढली आणि दुसऱ्या पाटापुढे गुडघे टेकले.

“याकोबा, पाणी ओत.”

“बाबा, घागर रिकामी हाय.”

“घागर भरलेली आहे का, असं मी विचारलं नाही. ओत म्हणालो.”

कोणीतरी फिसकन हसले. याकोबाने घागर कलती केली. आणि काय सांगू भाविकांनो! घागरीच्या तोंडातून पाण्याची धार निघाली! गार, स्वच्छ, नितळ पाणी परातीत खळखळू लागले. हसणाऱ्याचे तोंड उघडेच राहिले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबांना मात्र काही नवल वाटल्यासारखे दिसले नाही. ते एका पाटापुढून दुसऱ्यापुढे सरकत होते, याकोब ओतत होता, आणि घागर हलकी होत नव्हती. दहा जणांचे पाय धुऊन झाले.

“आता बस,” बाबा म्हणाले आणि त्यांनी बाराव्या पाटाकडे बोट दाखवले.

याकोब बसला. बाबांनी स्वतः घागर कलती केली, भेगा पडलेली ती पावले दोन्ही हातांत घेऊन धुतली, पंच्याने पुसली आणि त्यांवर ओठ टेकले. याकोबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. सात वर्षांत तो पहिल्यांदा मोकळेपणाने रडत होता.

इतक्यात दारातून कोणीतरी हाक मारली, “थांबा!” बर्नाबस मास्तर धापा टाकत उभे होते. सालोमीबाई उठून बसल्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या होत्या, माझी काळजी सोडा, आधी देवळात जा, त्या माणसाला लोक काय काय बोलत असतील. मास्तर सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने पुढे आले.

“बाबा, पाणी माझ्या घरी लागलं. माझ्या पत्नीला पटकी झाली आणि मी तिला टाकून बाहेर उभा राहिलो. हा आत गेला. मी याला वर्गात नमुना म्हणून दाखवायचो! पळपुटा मी आहे. मला तर पळून जायला गावसुद्धा लागलं नाही, अंगणातच पळालो!”

असे म्हणून मास्तरांनी याकोबाच्या ओल्या पावलांवर डोके ठेवले. याकोब गडबडून उठू लागला, पण बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसते केले. मग मास्तरांना उठवून म्हणाले, “मास्तर, तुमचा पाट रिकामा आहे.”

“मी कुठल्या तोंडाने बसू?”

“ज्या तोंडाने हा बसला, त्याच,” बाबा म्हणाले. त्यांनी कमरेचा पंचा सोडून याकोबाच्या हाती दिला. “याकोबा, मास्तरांचे पाय तू धू. माझे गुडघे दुखायला लागलेत.”

याकोबाने घागर उचलली. बरोबर दोन पावलांपुरते पाणी निघाले आणि धार थांबली. मिस्सा होताच बाबा औषधाची पेटी घेऊन शाळेकडे गेले, सोबत वस्तीतल्या चार बायकाही गेल्या. सालोमीबाई आठवड्यात हिंडू-फिरू लागल्या, आणि पटकी त्या घरापलीकडे कुठेही गेली नाही.

दोन दिवसांनी शनिवार होता. याकोब रांगेत उभा राहिला, जाळीशी गेला, लगेच परतला. लोकांनी विचारले, “काय रे, आजही तेच?”

“न्हाई,” तो ऐटीत म्हणाला. “आज नवं हाय. काल सगुणेवर उगाच खेकसलो, ते सांगितलं. बाबा इतके खूश झाले म्हणता!”

त्याच्या मागे मास्तर होते. ते आत गेले, आपले सांगून, क्षमा घेऊन आले. पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा रांगेत दिसले, चेहरा पडलेला. याकोबाने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “मास्तर, आज काय आणलंय?”

“तेच रे,” मास्तर हळूच म्हणाले. “अंगणातलं.”

“अहो, ते तर गेल्या शनिवारीच दिलंय की तुम्ही! देव विसरला. तुम्ही कशाला त्याला आठवण देता?”

मास्तरांना हसू फुटले, डोळेही भरले, आणि भर रांगेत ते पुन्हा एकदा वाकून याकोबाच्या पाया पडले. याकोब ओशाळून मागे सरकला आणि म्हणाला, “अहो मास्तर, नका! आज धुतलेले न्हाईत ते!”